बर्फातले चोपन्न मैल

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळी नऊला पाच मिनिटे कमी असताना मी शिकागोच्या जॅक्सन पार्कपाशी गाडी उभी केली आणि तिथून उत्तरेला एव्हान्स्टनपर्यंत जाऊन, शहराच्या पश्चिमेकडील उद्यानांना जोडणाऱ्या रस्त्यांनी परत येण्याचा एक जुना मार्ग, जमला तितका, पुरा केला. सुटीमुळे रस्ते मोकळे होते, गाडीत हिटर चालू होता, आणि मला तीन तासांहून थोडा कमी वेळ लागला. १८९५ साली याच सणाच्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, याच वेळी इथून निघालेली पहिली गाडी परत पोचायला दहा तास तेवीस मिनिटे लागली होती. तिच्यामागून फक्त एकच गाडी परत आली, आणि ती आली तेव्हा तिचे सुकाणू तिच्या चालकाच्या हातात नव्हते. त्या दुसऱ्या गाडीबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते, परंतु तिची गोष्ट सांगायची तर आधी संपूर्ण शर्यतीची गोष्ट सांगणे भाग आहे.

हर्मन कोलसाट यांनी १८९५ साली शिकागोचे ‘टाइम्स-हेरल्ड’ हे वृत्तपत्र विकत घेतले. आदल्या वर्षी फ्रान्समध्ये पॅरिस ते रुआँ अशी विनाघोड्याच्या गाड्यांची स्पर्धा झाली होती, आणि १८९५ च्या जून महिन्यात पॅरिस-बोर्दो-पॅरिस या ११७८ किलोमीटरच्या मार्गावर एमिल लव्हासोर या अभियंत्याने ४८ तास ४८ मिनिटांत, म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटर वेगाने, आपली गाडी जवळजवळ एकट्याने चालवून आणली होती. अमेरिकेत अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्याही बहुतेक एकेका कारागिराच्या कार्यशाळेत प्रयोग म्हणून उभ्या होत्या. कोलसाट यांनी एकूण ५००० डॉलरची बक्षिसे जाहीर केली, त्यांपैकी पहिले २००० डॉलरचे. वृत्तपत्राचा खप वाढावा हा हेतू त्यामागे असणारच, परंतु तेवढाच हेतू होता असे मला वाटत नाही, कारण या स्पर्धेची आखणी ज्या काटेकोरपणे केली गेली ती केवळ गर्दी जमवण्यासाठी कोणी करीत नाही.

अमेरिकेत याआधी अशी शर्यत झालीच नव्हती असे मात्र नाही. १८७८ साली विस्कॉन्सिन राज्याने १०००० डॉलरचे बक्षीस लावून वाफेवर चालणाऱ्या अवजड गाड्यांची ग्रीन बे ते मॅडिसन अशी २०१ मैलांची शर्यत घेतली होती आणि ‘ऑशकॉश’ नावाच्या गाडीने ती पूर्णही केली होती. परंतु त्या गाड्या म्हणजे रस्त्यावर आणलेली रेल्वेची इंजिनेच होती. पेट्रोलच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या अमेरिकेत एकमेकींसमोर प्रथम उतरल्या त्या शिकागोतच.

या वाहनाला काय म्हणावे हेही तेव्हा ठरलेले नव्हते. वृत्तपत्राने नाव सुचवण्यासाठी वेगळी स्पर्धा ठेवली आणि ५०० डॉलरचे बक्षीस ‘मोटोसायकल’ या शब्दाला दिले. आज तो शब्द, एका अक्षराची भर पडून, दोन चाकांच्या वाहनाला चिकटला आहे. १८९५ मध्ये मात्र तो चार चाकांच्या गाडीसाठी छापला जात होता.

ऐंशीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. प्रत्यक्षात गाडी बांधून तयार ठेवणे ही निराळीच गोष्ट होती, आणि तारीख पुढे पुढे ढकलत २ नोव्हेंबरवर आली तेव्हाही मोजक्याच गाड्या धावण्याच्या स्थितीत होत्या. त्यातच शहराच्या पोलिसांनी सुरुवातीच्या ठिकाणाकडे निघालेल्या गाड्या अडवल्या, अशा वाहनांना रस्त्यावर चालण्याचा अधिकारच नाही असे सांगितले आणि त्या घोडे जुंपून ओढत न्यायला लावल्या. पुढे अशा वाहनांना रस्त्याचा हक्क देणारा नियम शहराकडून मंजूर करून घ्यावा लागला. त्यामुळे २ नोव्हेंबरला मुख्य शर्यत न होता शिकागोहून वॉकीगनला जाऊन परत येण्याची एक छोटी चाचणी तेवढी झाली, तीत दोनच गाड्या उतरल्या. त्यांपैकी चार्ल्स आणि फ्रँक या ड्युरिया बंधूंची गाडी समोर आलेल्या एका शेतकऱ्याच्या गाडीला चुकवताना रस्त्याकडेच्या चरात गेली. दुसरी, इलिनॉयमधील डिकेटर गावच्या म्यूलर कुटुंबाची बेंझ गाडी, सुमारे ९२ मैल पुरे करून परत आली आणि ५०० डॉलर घेऊन गेली. म्हणजे २८ तारखेच्या सकाळी अनुभवाने सर्वांत पुढे कोण होते, असे विचारले तर उत्तर म्यूलर हेच द्यावे लागेल.

मी काटेकोरपणाचा उल्लेख केला तो पंचांमुळे आणि चाचण्यांमुळे. रस्त्यावर उतरवण्यापूर्वी गाड्या एका चाचणीयंत्रावर चढवून त्यांची ओढ किती, इंधन किती लागते, यंत्राची किती शक्ती चाकापर्यंत पोचते याची मोजमापे घेण्यात आली. शिवाय प्रत्येक गाडीत चालकाच्या शेजारी एक पंच बसणार होता. गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, बाहेरून कोणी ढकलली का, किती इंधन आणि किती पाणी भरले, हे सर्व त्याने टिपून ठेवायचे होते. आज आपल्याला त्या दिवसाबद्दल एवढे नेमके ठाऊक आहे ते त्या पंचांच्या टिपणांमुळे.

शर्यतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत शिकागोवर बर्फाचे वादळ येऊन गेले होते. २८ तारखेला तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते, रस्त्यांवर बर्फाचा थर होता, आणि जिथे घोडागाड्यांच्या वर्दळीने तो तुडवला गेला होता तिथे चिखलाच्या खोल चाकोऱ्या पडून त्या घट्ट होऊ लागल्या होत्या. ८ वाजून ५५ मिनिटांनी पहिली गाडी सुटली. एकंदर सहाच गाड्या निघाल्या. एक ड्युरियांची, जी या सहांमध्ये अमेरिकेत बांधलेली एकमेव पेट्रोल गाडी होती. तीन जर्मन बनावटीच्या बेंझ होत्या: न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानाने पाठवलेली, न्यूयॉर्कच्याच डी ला व्हर्न या शीतयंत्रांच्या कंपनीची, आणि डिकेटरच्या म्यूलरांनी स्वतःच्या कल्पनेने फेरफार केलेली. उरलेल्या दोन विजेवर चालणाऱ्या होत्या.

त्या दोन विद्युत गाड्यांबद्दल आजच्या वाचकाला अधिक उत्सुकता असेल. फिलाडेल्फियाचे हेन्री मॉरिस आणि पेद्रो सालोम यांची ‘इलेक्ट्रोबॅट’ पुढच्या चाकांनी ओढली जात असे आणि मागच्या चाकांनी वळत असे. हॅरोल्ड स्टर्जेस यांची गाडी आयोवातील विल्यम मॉरिसन यांच्या रचनेवर बेतलेली होती. साठवलेल्या विजेवर चोपन्न मैल बर्फातून जाणे शक्य नव्हते आणि वाटेत बॅटरी बदलण्याची किंवा भरण्याची सोय नव्हती. दोन्ही गाड्या काही मैल जाऊन थांबल्या, आणि तरीही परीक्षकांनी उत्तम रचनेसाठी सुवर्णपदक ‘इलेक्ट्रोबॅट’ला दिले. ही गाडी शांत होती, स्वच्छ होती आणि चालवायला सोपी होती. परीक्षकांना हे दिसले, यात त्यांच्या नजरेची पारख दिसते. दोन वर्षांनी मॉरिस आणि सालोम यांच्याच विजेच्या टॅक्सी न्यूयॉर्कमध्ये प्रवासी वाहू लागल्या. डी ला व्हर्नची बेंझ मात्र फार लवकर बाहेर पडली, कारण तिची चाके बर्फात जागच्या जागीच फिरत राहिली.

गाड्या मिशिगन ॲव्हेन्यूने उत्तरेला गेल्या. दोनच वर्षांपूर्वी, १८९३ साली, याच रस्त्यावरील आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत सर्वधर्म परिषद भरली होती, जिथे स्वामी विवेकानंद बोलले होते आणि मुंबईचे बी. बी. नगरकरही ब्राह्म समाजाच्या वतीने बोलले होते. त्या परिषदेचे निमित्त ठरलेले विश्वप्रदर्शन जॅक्सन पार्कमध्ये भरले होते, आणि ही शर्यत त्याच परिसरातून सुटली होती.

ड्युरियांची गाडी फ्रँक ड्युरिया चालवीत होते आणि शेजारी पंच म्हणून आर्थर व्हाइट बसले होते. गोल स्टिअरिंग तेव्हा नव्हते. एक आडवा दांडा डावी-उजवीकडे फिरवून गाडी वळवायची आणि तोच दांडा वर-खाली करून वेग बदलायचा, अशी ड्युरियांची योजना होती. बर्फातल्या चाकोरीचा एक जोरदार दणका बसून या सुकाणूचा पुढच्या चाकांकडे जाणारा आर्म तुटला. सणाचा दिवस, दुकाने बंद. फ्रँक यांनी जवळच एक लोहारकाम करण्याचे ठिकाण गाठले, तिथे तो भाग भट्टीत घालून पुन्हा घडवला, बसवला आणि ते पुढे निघाले. यात जवळजवळ तासभर गेला.

हा तास मला फार जवळचा वाटतो. आमच्या अण्णांचे इचलकरंजीत लहानसे वर्कशॉप होते. पंचक्रोशीतल्या विहिरींवरची ऑइल इंजिने त्यांच्याकडे दुरुस्तीला येत, आणि सुट्टा भाग मिळत नसेल तर तो समोरच घडवून द्यावा लागे. भात्यावर लोखंड लाल करायचे, ऐरणीवर घणाचे घाव घालून आकाराला आणायचे, मग कानस घेऊन इंजिनातल्या आपल्या जागी बसेपर्यंत घासायचे. शेतकरी बाजूला उभा असे, कारण पाळीचे पाणी चुकले तर पीक जाणार. अण्णा अशा वेळी एक शब्द बोलत नसत. फ्रँक ड्युरिया त्या भट्टीपाशी उभे असताना मेसीची गाडी त्यांना मागे टाकून निघून गेली होती, हे वाचताना मला अण्णांचा तो गप्प चेहरा आठवतो.

मेसीच्या गाडीचे नशीब मात्र रस्त्यावरच्या धडकांनी पोखरले. तिची घोड्यांच्या ट्रामशी टक्कर झाली, नंतर एका घसरगाडीशी झाली, आणि तिच्या सुकाणूला बसलेले मार वाढत गेले. एव्हान्स्टनला पोचेपर्यंत ड्युरियांनी तिला गाठून मागे टाकले होते. परतीच्या वाटेवर, अंधार पडल्यानंतर, तिने शर्यत सोडली.

ड्युरियांचे संकट तिथेच संपले नव्हते. परतताना दोनांपैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडेनाशी झाली. पुन्हा एक कार्यशाळा शोधून, ठिणगी पाडणारा भाग दुरुस्त करून घेईपर्यंत आणखी सुमारे ५५ मिनिटे गेली. एका ठिकाणी रस्ता चुकून दोनेक मैलांचा फेराही पडला. संध्याकाळी ७ वाजून १८ मिनिटांनी ते जॅक्सन पार्कपाशी परत आले तेव्हा काळोख दाटला होता आणि स्वागताला मोजकीच माणसे उरली होती. थांबलेला वेळ वजा केला तर प्रत्यक्ष चालण्याचे ७ तास ५३ मिनिटे होतात, म्हणजे ताशी सुमारे सात मैल.

या प्रवासात गाडीला साडेतीन गॅलन पेट्रोल आणि १९ गॅलन पाणी लागले. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे १३ लिटर पेट्रोल आणि ७२ लिटर पाणी. इंधनाच्या पाचपटीहून अधिक पाणी, हे वाचून नव्या पिढीला नवल वाटेल, परंतु ज्यांनी जुने ऑइल इंजिन चालवले आहे त्यांना ते वाटणार नाही. त्या इंजिनाच्या डोक्यावर उघडी टाकी असे, पाणी त्यात खळखळ उकळे, वाफ निघून जाई आणि आपण कळशीने भर घालत राहत असू. तापलेल्या सिलिंडरची उष्णता वाफेवाटे बाहेर जाऊ द्यायची, हीच त्या काळातील गाड्यांचीही रीत होती. थंडीने माणसे गारठत होती आणि यंत्र पाणी उकळून फेकत होते, असा तो दिवस होता.

आता दुसरी गाडी. डिकेटरचे हायरोनिमस म्यूलर जर्मनीतून आलेले बंदूक-कारागीर होते. रस्त्याखालच्या नळाला पाणी चालू असतानाच भोक पाडून नवी जोडणी देण्याचे यंत्र त्यांनी १८७२ साली बनवले आणि त्यावर त्यांचा नळसामानाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. बेंझ गाडी मागवून तिच्यात सुधारणा करण्याचा छंद त्यांना उतारवयात लागला. शर्यतीत ती गाडी त्यांचा मुलगा ऑस्कर चालवीत होता. सकाळी निघण्यापूर्वीच यंत्राने त्रास दिला आणि इतर पाच गाड्या गेल्यानंतर तासाभराने, दहा वाजून गेल्यावर, ऑस्कर निघाला. गाडीत तिघे होते: ऑस्कर, चार्ल्स रीड नावाचे एक सहप्रवासी, आणि पंच चार्ल्स ब्रॅडी किंग.

हे किंग डेट्रॉइटचे अभियंता. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा त्यांनी बनवला होता आणि १८९३ च्या विश्वप्रदर्शनात, म्हणजे याच जॅक्सन पार्कमध्ये, तो मांडला होता. या शर्यतीसाठी त्यांनी स्वतःच्या गाडीचेही नाव नोंदवले होते, परंतु गाडी वेळेत पुरी झाली नाही. स्वतः स्पर्धक म्हणून येणारा माणूस दुसऱ्याच्या गाडीत टिपणवही घेऊन बसला, याचा मी अनेकदा विचार करतो. आपले काम अपुरे राहिल्याची रुखरुख मनात घेऊन माणसे बहुधा त्या ठिकाणी फिरकतही नाहीत.

तासामागून तास उघड्या गाडीवर बसून, पोटात काही नसताना, वारा अंगावर घेत त्यांनी एव्हान्स्टन गाठले आणि परत फिरले. परतीच्या वाटेवर थंडीने आणि उपासाने रीड यांची शुद्ध हरपली आणि त्यांना एका घसरगाडीतून नेण्यात आले. ऑस्कर आणि किंग पुढे चालत राहिले. शेवटचा सुमारे एक तास उरला असताना ऑस्करही बेशुद्ध झाला. किंग यांनी एका हाताने त्याला सावरून धरले, दुसऱ्या हाताने सुकाणू धरले आणि तशा स्थितीत गाडी पंचावन्नाव्या रस्त्याने पूर्वेकडे, अंधारातून, जॅक्सन पार्कच्या दिशेने आणली. ८ वाजून ५३ मिनिटांनी ते पोचले.

मी त्या सकाळी पंचावन्नाव्या रस्त्यावर आलो तेव्हा गाडी कडेला घेऊन थोडा वेळ थांबलो. डाव्या हाताला एक माणूस कलंडलेला आहे आणि उजव्या हाताने एक दांडा धरायचा आहे, प्रत्येक चाकोरीत तो दांडा हाताला हिसका देणार, पुढे दिवा नावापुरता, आणि मैलभराला आठ-नऊ मिनिटे लागणार. मी हात वर करून ती स्थिती काही क्षण धरून पाहिली आणि खांदा भरून आला.

पंचाने गाडी चालवली तर ती गाडी बाद करायची का, हा प्रश्न परीक्षकांपुढे आला असणार. त्यांनी ती बाद केली नाही. म्यूलरांना दुसरे, १५०० डॉलरचे बक्षीस मिळाले. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो, कारण गाडी बाहेरच्या कोणत्याही ओढीने आलेली नव्हती, ती स्वतःच्या यंत्राने आली होती, आणि शर्यतीचा खरा प्रश्न यंत्राबद्दलच होता. आणखी एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. म्यूलरांची गाडी ड्युरियांच्या मागून दीड तासाहून अधिक वेळाने पोचली, पण ती निघालीच तासाभराहून अधिक उशिरा होती. दोघांनी रस्त्यावर घालवलेला एकूण वेळ पाहिला तर फरक अर्ध्या तासाचाही नाही. सुटण्यापूर्वीचा तो त्रास झाला नसता तरी पहिले नाव बहुधा ड्युरियांचेच राहिले असते, पण डिकेटरची गाडी त्यांच्या मागून अर्ध्या तासाच्या आत पोचली असती.

ड्युरियांना त्या विजयाचा मोठा लाभ झाला. १८९६ मध्ये त्यांच्या कंपनीने एकाच नमुन्याच्या तेरा गाड्या बांधल्या आणि अमेरिकेत विक्रीसाठी एकसारख्या गाड्या बांधण्याची सुरुवात तिथूनच धरली जाते. त्याच वर्षी ३० मे रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ड्युरिया गाडीने एका सायकलस्वार स्त्रीला धडक दिली, आणि त्या देशातील पहिल्या नोंदलेल्या मोटार-अपघातांत ती घटना मोजतात. चार्ल्स आणि फ्रँक हे दोघे भाऊ पुढे वेगळे झाले आणि पहिली गाडी नेमकी कोणाची, हा वाद त्यांच्यात आयुष्यभर राहिला. शर्यतीच्या दिवशी चार्ल्स घोड्यांच्या घसरगाडीतून मागून येत होते, तुटलेला आर्म फ्रँक यांनी घडवला होता. त्या वादात मी मनाने कोणाच्या बाजूला आहे, हे वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाने वेगळे सांगायला नको.

हायरोनिमस म्यूलर यांचा मृत्यू १९०० साली आपल्या गाडीवर प्रयोग करीत असताना पेट्रोलचा भडका उडून झाला. त्यांचा नळसामानाचा व्यवसाय मुलांनी वाढवला.

किंग डेट्रॉइटला परतले आणि अपुऱ्या राहिलेल्या कामाला लागले. ६ मार्च १८९६ च्या रात्री अकराच्या सुमारास, शर्यतीनंतर जेमतेम चौदा आठवड्यांनी, त्यांनी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्या शहरातली पहिली मोटारगाडी चालवली. सायकलवरून मागे येणाऱ्यांमध्ये हेन्री फोर्ड होते, ज्यांची स्वतःची पहिली गाडी अजून तीन महिने दूर होती. त्या रात्रीही थंडी होती, सुकाणू पुन्हा दांड्याचेच होते, आणि या वेळी गाडी किंग यांची स्वतःची होती.